एक नियम, दोन माणसे

गेल्या नाताळात आमची भाची चार दिवसांची सुट्टी घेऊन वसईला आली होती. पुण्याजवळ हिंजवडीला एका संगणक कंपनीच्या मनुष्यबळ विभागात ती अधिकारी आहे. आम्ही ज्या खात्यात उभे आयुष्य काढले त्याला आमच्या काळी 'पर्सोनेल' म्हणत. आता त्याचा नव्याने बाप्तिस्मा होऊन ते 'एच. आर.' झाले आहे. नाव बदलले तरी दुखणे जुनेच असावे, असे तिच्या चेहऱ्यावरून वाटले. मध्यरात्रीची मिस्सा आटोपून घरी आल्यावर सारी मंडळी अंगणात केक आणि कॉफी घेऊन बसली असता ती हळूच म्हणाली,

"मामा, आमच्या खात्यात दोन तट पडले आहेत. दर दहा माणसांमागे एकाला तळाच्या रकान्यात टाकायचंच, असा आमच्याकडे दंडक आहे. आमच्या वरिष्ठ बाई म्हणतात, तो हवाच. माझा सहकारी म्हणतो, हे पाप आहे. मला दोघांचंही पटतं. तुम्ही तीस वर्षं हेच काम केलंत. तुम्ही सांगा, खरं कोणाचं?"

प्रश्न ऐकून आम्ही गप्प राहिलो. मामांना झोप आली असावी, असे तिला वाटले. वस्तुतः आमच्या डोळ्यांसमोर एक माणूस उभा राहिला होता. कारखान्याच्या फाटकाशी, हातात इस्पितळाचा कागद घेऊन. त्याच्याविषयी आम्ही आजवर कोणाजवळ बोललो नव्हतो. त्या रात्री भाचीला सांगितले. आज वाचकांना सांगतो.

आम्ही १९७८ साली अंधेरीच्या एका कारखान्यात कारकून म्हणून लागलो आणि पाच वर्षांत सहायक कार्मिक अधिकारी झालो. कारखान्यात सहाशेच्या वर कामगार होते. आमच्यावर दोन वरिष्ठ होते, आणि त्या दोघांचे एका गोष्टीवर कधी एकमत झाल्याचे आम्हांस आठवत नाही.

पहिले आमचे कल्याण अधिकारी. १९४८ च्या कारखाने कायद्याने ज्या कारखान्यात ५०० किंवा त्याहून अधिक कामगार असत तेथे असा अधिकारी नेमणे बंधनकारक केले होते. साठीकडे झुकलेले हे गृहस्थ समाजकार्याचे शिक्षण घेऊन आलेले. ते टेबलाशी फारसे सापडत नसत. उपाहारगृहात, पाळणाघरात, यंत्रांच्या मधल्या वाटेवर त्यांचा मुक्काम. कोणाच्या मुलीचे लग्न ठरले, कोणाचा मुलगा नापास झाला, कोणाच्या घरात दारू शिरली, हे त्यांना हजेरीपट न पाहता ठाऊक असे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यात १९२४ ते १९३२ या काळात झालेल्या प्रयोगांची कथा ते आम्हांस वारंवार सांगत. दिव्यांचा उजेड, विश्रांतीची वेळ, कामाचे तास असे एकेक बदलून पाहणाऱ्या संशोधकांना अखेर असे वाटू लागले की, आपल्याकडे कोणीतरी लक्ष देत आहे ही जाणीवच कामगाराला अधिक काम करावयास लावते. त्या निष्कर्षांवर पुढे विद्वानांनी पुष्कळ आक्षेप घेतले. परंतु आमच्या कल्याण अधिकाऱ्यांची त्यावरील श्रद्धा अढळ होती. "माणूस आधी ओळखावा, मग त्याच्याविषयी कागद करावा," हे त्यांचे ब्रीद.

दुसरे आमचे कार्मिक व्यवस्थापक. वयाने पस्तिशीचे, व्यवस्थापनशास्त्राची पदवी घेतलेले, अतिशय नेटके. त्यांच्या टेबलावर तीनच वस्तू असत: दौत, कॅलेंडर आणि कारखान्याचे स्थायी आदेश. त्यांना कठोर म्हणणारे पुष्कळ होते. आम्हीही त्यांतलेच. पण त्यांचे म्हणणे एकदा त्यांनी आम्हांला सांगितले, ते आजही कानांत आहे.

"दया ही फार सुंदर गोष्ट आहे," ते म्हणाले, "पण ती कोणाच्या वाट्याला येणार, हे कोण ठरवतं? ज्याची साहेबांशी ओळख, त्याच्या वाट्याला येते. तुम्ही मुंबईच्या गिरण्यांचा इतिहास वाचा."

तो इतिहास आम्ही नंतर वाचला. गिरण्यांत कोणाला काम द्यावयाचे आणि कोणाला फाटकाबाहेर ठेवावयाचे, हे पूर्वी जॉबर ठरवीत असे. तो आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे भरी आणि त्यांच्याकडून दस्तुरी घेई. तो आपल्या माणसांना ओळखत होता, अडीनडीला धावतही होता. आणि जो त्याचा नव्हता त्याला विचारणारे कोणी नव्हते. १९२९ साली व्हिटली यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या शाही श्रम आयोगाने १९३१ च्या आपल्या अहवालात या प्रथेवर बोट ठेवले आणि कामगार भरतीसाठी स्वतंत्र अधिकारी नेमावेत, अशी शिफारस केली. पुढे या कामाचे रीतसर शिक्षण देणाऱ्या संस्थाही निघाल्या. आजची टाटा समाजविज्ञान संस्था १९३६ साली मुंबईत सुरू झाली. येशूसंघीय धर्मगुरूंनी १९४९ साली जमशेदपूरला झेवियर संस्था स्थापन केली. म्हणजे, वाचकहो, आमचा हा व्यवसाय आपल्या देशात उभा राहिला तो काही अंशी ओळखीच्या राज्यातून कामगाराची सुटका करण्यासाठी. ही गोष्ट आम्ही पुढे नेमकी विसरलो.

आता मूळ कथेकडे येतो. साल १९८४. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या गिरणी संपाने हजारो घरांच्या चुली विझवल्या होत्या. आमच्या कारखान्याच्या फाटकाबाहेरही रोज सकाळी काम मागणाऱ्यांची रांग असे. हातातली नोकरी गेली तर दुसरी मिळणार नाही, हे प्रत्येक कामगार जाणून होता.

त्या वर्षीच्या मार्चमध्ये लेथवर काम करणारा एक कामगार विनापरवाना गैरहजर राहिला. आठ दिवस, बारा दिवस, बावीस दिवस. आमच्या स्थायी आदेशांनुसार रजेविना सलग १० दिवसांपेक्षा अधिक गैरहजर राहणे हे गैरवर्तन होते. आरोपपत्र, चौकशी आणि मग बडतर्फी, अशी वाट आखलेली होती. आरोपपत्राचा मसुदा आमच्याकडे आला आणि नाव वाचताच आमचा हात थांबला. तो वसईचा होता, आमच्याच धर्मग्रामातला. त्याच्या वडिलांच्या दफनविधीला आम्ही गेलो होतो.

आम्ही मसुदा घेऊन कल्याण अधिकाऱ्यांकडे गेलो. ते म्हणाले, "रविवारी आपण त्याच्या घरी जाऊ." आम्ही गेलो. घराचे दार अर्धे लोटलेले होते. आत त्याची पत्नी क्षयाने अंथरुणाला खिळलेली. दोन लहान मुले ओसरीवर. तो स्वतः चुलीपुढे बसून पेज ढवळीत होता. क्षयाचे नाव बाहेर फुटले तर शेजारी मुलांना अंगणात येऊ देणार नाहीत, या भीतीने त्याने कोणालाच काही कळवले नव्हते. आम्हांला पाहून तो उठला नाही. तसाच खाली मान घालून रडू लागला.

पुढचे सारे सुरळीत झाले. कल्याण अधिकाऱ्यांनी धावपळ करून त्या माउलीला शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात दाखल केले. आमच्या धर्मग्रामातील दोन भगिनींनी मुलांना सांभाळले. आरोपपत्र निघाले नाही. बावीस दिवसांची बिनपगारी रजा मंजूर झाली. कार्मिक व्यवस्थापकांनी सही करताना एवढेच म्हटले, "ही सवलत तुम्ही सर्वांना देणार असाल, तर माझी हरकत नाही." आम्ही मान हलवली. मनात मात्र म्हटले, या माणसाला काळीज नाही.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये दुसरा एक कामगार गैरहजर राहिला. हा सातारा जिल्ह्यातला, साकीनाक्याला गाववाल्यांच्या खोलीत राहणारा. वयाने तरुण, स्वभावाने अबोल. त्याचे नाव आम्हांला हजेरीपटावरूनच ठाऊक. आरोपपत्राचा मसुदा आला, आम्ही वाचला, सही केली. खोलीच्या पत्त्यावर पाठवलेले रजिस्टर पत्र 'पत्ताधारक हजर नाही' म्हणून परत आले. दुसरे पत्र गावच्या पत्त्यावर गेले. त्याची पोचपावती आली. तिच्यावर एक अंगठा होता. पोचपावती आली म्हणजे पत्र मिळाले, पत्र मिळूनही माणूस आला नाही म्हणजे त्यास काही सांगावयाचे नाही. चौकशी एकतर्फी झाली. ऑक्टोबरमध्ये तो बडतर्फ झाला. सारे नियमास धरून होते. कल्याण अधिकाऱ्यांपुढेही ती फाईल गेली होती. त्यांनीही काही लिहिले नाही.

नोव्हेंबरात तो फाटकाशी आला. पहारेकऱ्याने आत सोडले नाही, म्हणून आम्ही बाहेर गेलो. डोक्यावरचे केस नुकतेच उगवू लागलेले. वडील शेतात बैलाच्या धडकेने जखमी झाले, दोन महिने साताऱ्याच्या इस्पितळात होते, अखेर गेले. तो त्यांच्या उशाशी होता. गावी आलेले पत्र त्याच्या आईने अंगठा देऊन घेतले, पण ते इंग्रजीत होते. वाचणारे कोणी नव्हते. सरकारी कागद हरवू नये म्हणून तिने ते देवाच्या तसबिरीमागे जपून ठेवले होते. पोचपावतीवरचा अंगठा तिचा होता.

त्याने इस्पितळाचा कागद आमच्या हाती दिला. आम्ही तो वाचला आणि काय बोलावे ते न सुचून म्हणालो, "तू कळवायला हवं होतंस." त्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला. मग आवाज न चढवता म्हणाला,

"साहेब, त्या वसईकराच्या घरी तुम्ही रविवारचं गेला होता म्हणं. माझ्या खोलीवर कोणी का नाही आलं?"

साकीनाक्याची त्याची खोली कारखान्यापासून पायी वीस मिनिटांवर होती. तेथे कोणी गेले असते तर गाववाल्यांनी एका वाक्यात सारे सांगितले असते. वसई रेल्वेने तासाभराच्या अंतरावर, आणि तेथे आम्ही रविवार मोडून गेलो होतो.

आम्ही कागद घेऊन आत गेलो. कार्मिक व्यवस्थापक म्हणाले, फाईल बंद झाली आहे. आता परत घेतले तर आजवरच्या प्रत्येक बडतर्फीची फाईल उघडावी लागेल. कल्याण अधिकारी खिन्न झाले आणि म्हणाले, "मला ठाऊक असतं तर मी गेलो असतो हो." ते खरे बोलत होते. पण ठाऊक नव्हते, हाच तर प्रश्न होता. आम्हीही त्या दिवशी टेबलावर हात आपटला नाही, टिपण लिहिले नाही, राजीनाम्याची भाषा केली नाही. आमच्या घरीही दोन मुले होती, आणि फाटकाबाहेर रांग होती. आम्ही बाहेर जाऊन त्याला नकार सांगितला. त्याने कागदाची घडी केली, खिशात ठेवली आणि तो गेला. कामगार न्यायालयात जा, असे सांगण्याचेही धैर्य आम्हांला झाले नाही.

त्यानंतर बरेच दिवस आम्हांला एक गोष्ट सलत राहिली. वसईच्या प्रसंगानंतर आम्ही स्वतःस दयाळू समजत होतो. धर्मग्रामातली माणसे आमचे कौतुक करीत, आणि ते आम्हांला गोड लागत होते. पण आम्ही जे केले ते जॉबरच करीत आला होता. आम्ही दस्तुरी घेतली नव्हती, एवढाच फरक. आपला माणूस पाहून आमचा हात थांबला, परका पाहून चालला. ज्यांना आम्ही कोरडे म्हणत होतो त्या व्यवस्थापकांनी मार्चमध्येच आम्हांला सावध केले होते: 'सर्वांना देणार असाल तर.'

१९८९ साली आम्ही कार्मिक अधिकारी झालो, तेव्हा कार्यपद्धतीत दोन ओळी घालण्याचा प्रस्ताव मांडला. एक, कामगारास जाणारे प्रत्येक पत्र त्यास समजेल त्या भाषेत असावे. दोन, गैरहजेरीबद्दल चौकशी सुरू करण्यापूर्वी कोणीतरी प्रत्येक कामगाराच्या राहत्या जागी जाऊन यावे. मग तो कोणाच्या ओळखीचा असो वा नसो. आम्हांला वाटले होते, व्यवस्थापक विरोध करतील आणि कल्याण अधिकारी पाठीशी राहतील. झाले उलटेच. व्यवस्थापकांनी दोन्ही ओळी वाचल्या आणि 'प्रत्येक' या शब्दाखाली पेन्सिलने रेघ ओढून लगेच सही केली. कल्याण अधिकारी तेव्हा निवृत्त झाले होते. आम्ही उत्साहाने त्यांच्या घरी सांगावयास गेलो, तर ते हसले आणि म्हणाले, "छापील फॉर्मात माया बसत नाही. बघा तुम्ही."

पहिली काही वर्षे चांगली गेली. घरोघर जाऊ लागल्यावर गैरहजेरीमागे आळसाहून वेगळी कितीतरी कारणे दिसू लागली. कोकणातली माणसे भातलावणीला गावी जात, कारण शेतावर दुसरे हात नसत. जूनमध्ये शाळाप्रवेशाच्या रांगा असत. मोठ्या पावसात नालासोपाऱ्याला रूळ पाण्याखाली जात आणि आमचे वसई-विरारचे लोक घरीच अडकत. हजेरीपटावर या सर्वांपुढे एकच अक्षर होते. लावणीच्या दिवसांसाठी रजेची आगाऊ पाळी लावून दिल्यावर त्या महिन्यातली आरोपपत्रे पुष्कळ घटली.

परंतु कल्याण अधिकाऱ्यांचे बोलही खोटे ठरले नाहीत. पुढे कामाचा रेटा वाढला, १९९१ नंतर स्वेच्छानिवृत्तीच्या योजना आल्या, माणसे कमी झाली. भेटीचे फॉर्म मात्र भरलेले येत राहिले. एकदा आम्ही तपासले तेव्हा तीन फॉर्मांवर एकाच दिवशी, एकाच वेळी, तीन वेगवेगळ्या गावी 'समक्ष भेट दिली' असे लिहिलेले आढळले. नियम जिवंत होता. पायऱ्या चढणारे पाय थांबले होते.

एवढे सांगून आम्ही भाचीकडे पाहिले. कॉफी थंड झाली होती.

"मग मामा, दोघेही बरोबर?" तिने विचारले.

तिच्या वरिष्ठ बाईंचा पक्ष आम्ही हलका मानीत नाही. प्रमाण ठरवून दिले नाही तर प्रत्येक अधिकारी आपल्या प्रत्येक माणसाला 'उत्तम' लिहितो. वाईट लिहिण्याचे धैर्य लागते आणि ते थोड्यांकडे असते. मग खरोखर राबणारा आणि वेळ काढणारा एकाच मापाने मोजला जातो. जनरल इलेक्ट्रिकचे प्रमुख जॅक वेल्च यांनी १९८१ ते २००१ या आपल्या कारकिर्दीत याच विचाराने २०, ७० आणि १० अशी टक्केवारी रूढ केली. वरच्या वीसांना गौरवा, मधल्या सत्तरांना घडवा, तळच्या दहांना निरोप द्या. माणसाला वेळीच खरे सांगणे हीच खरी दया, असे ते म्हणत. दुसऱ्या बाजूला डेमिंग हे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ. १९५० साली त्यांनी जपानी उद्योगपतींना गुणवत्तेचे धडे दिले. वार्षिक गुणांकन हा उद्योगाला जडलेला प्राणघातक रोग आहे, असे त्यांचे मत होते; दोष बहुतांशी कामाच्या रचनेत असतो आणि शिक्षा मात्र माणसाला होते. अडोब कंपनीने २०१२ साली वार्षिक मूल्यमापन बंद केले. मायक्रोसॉफ्टने २०१३ च्या नोव्हेंबरात सक्तीची क्रमवारी सोडली. तरीही वाद मिटलेला नाही, हे भाचीच्या प्रश्नावरून दिसतेच आहे.

आम्ही तिला म्हणालो, "बाळ, दोघेही जे भितात ते भय खरं आहे. तुझ्या बाईंना वशिल्याची भीती आहे, आणि तुझ्या सहकाऱ्याला आंधळ्या गणिताची. मला विचारशील तर दहातला एक आधीच ठरवून बसणं मला मान्य नाही. सहाशेंतले किती जण गैरहजर राहतील हे आम्ही कधी आधी ठरवलं नव्हतं. पण ते तुझ्या हाती नसेल, तर निदान एवढं कर. ज्याचं नाव तळाला लिहायचं त्याच्याशी आधी समोरासमोर बोल, आणि ते सर्वांच्या बाबतीत कर. ज्याच्याशी तू डबा खातेस त्याच्याशीच नव्हे."

"आणि जो घरी बसून काम करतो? ज्याला मी दोन वर्षांत पडद्यावरच पाहिलं आहे?"

"त्याच्याशी सर्वांत आधी."

ती काही वेळ विचार करीत राहिली. मग म्हणाली, "आमच्याकडे त्यासाठी पण फॉर्म आहे, मामा. आणि तो भरलेला असतो." आम्हांला हसू आले, आणि हसता हसता वाईटही वाटले. चाळीस वर्षांत आमचा व्यवसाय पुष्कळ पुढे गेला. त्या तीन फॉर्मांच्या पुढे गेला की नाही, कोण जाणे.

वाचकहो, आपल्यापैकी अनेकांची मुले-मुली आज टेबलाच्या एका किंवा दुसऱ्या बाजूला बसली आहेत. कोणी मोजतात, कोणी मोजले जातात. मोजणाऱ्यांना घरी कधी हा विषय निघाला तर एकच विचारावे: तुझा हात कोणाच्या नावाशी थांबतो, आणि कोणाच्या नावाशी थांबत नाही?

भाची तिसऱ्या दिवशी पुण्याला परतली. जाताना तिने त्या साताऱ्याच्या माणसाचे पुढे काय झाले, असे विचारले. काही वर्षांनी आम्ही त्याच्या गावच्या पत्त्यावर एक पत्र लिहिले होते. या वेळी मराठीत. ते परत आले नाही, आणि त्याचे उत्तरही आले नाही.